सोळाव्या वर्षाचं फाटक



मी मुंबईच्या गोदीत माल उतरवतो. मॅट्रिक पास. दहावी झालो तेव्हा घरात खाणारी तोंडं पाच आणि कमावणारे हात दोन. म्हणून अकरावीच्या फॉर्मऐवजी मुकादमापुढं उभा राहिलो. त्यामुळं ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द मला कुणी शिकवायला नको. परदेशी पोलाद, परदेशी झेंड्याचं जहाज, परदेशी खलाशी, सगळं जग धक्क्याला लागतं आणि आमच्यासारख्यांच्या घामातनं शहरात शिरतं.

मागं रजेवर गडमुडशिंगीला गेलो. आमच्या गावाच्या डोक्यावरनं उजळाईवाडीची विमानं जातात. भाची दहावीला आहे, हुशार आहे. तिनं एक कागद पुढं केला. मुळशी तालुक्यात पौडजवळच्या डोंगरावर 1997 साली सुरू झालेलं यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज. देशोदेशीची सोळा ते एकोणीस वर्षांची पोरं तिथं दोन वर्षं एकत्र राहतात आणि आयबी डिप्लोमा करून जगातल्या विद्यापीठांत जातात.

“मामा, मला जमंल का हितं?”

फीचा आकडा लाखांतला. अक्कानं तो वाचला आणि म्हणाली, “आदी मामाला जेवू दे.” एवढंच. आमच्या घरात नाही म्हणायची हीच रीत.

मला राग आला. पण राग कुणावर काढायचा हेही बघितलं पाहिजे.

या कॉलेजांची सुरुवात 1962 साली वेल्समधल्या एका किल्ल्यात झाली. हिटलरच्या जर्मनीतनं परागंदा झालेला कुर्ट हान नावाचा मास्तर त्यामागं होता. शीतयुद्धात भांडणाऱ्या देशांची पोरं एका पंगतीला बसवली, तर उद्या ती एकमेकांवर बंदूक रोखणार नाहीत, असा हिशेब. इंग्रजांकडं या दोन वर्षांना सिक्स्थ फॉर्म म्हणतात. विद्यापीठाचं फाटक तिथनंच उघडतं. 1963 साली स्वाझीलँडमध्ये, म्हणजे आजच्या इस्वातिनीत, शेजारच्या दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाला उत्तर म्हणून वॉटरफर्ड शाळा निघाली. काळी-गोरी पोरं एका बाकावर. मंडेलांच्या मुली तिथं शिकल्या. पुढं ती शाळाही यूडब्ल्यूसीत आली.

कल्पनेला मी नावं ठेवत नाही. एका पंगतीला बसणं म्हंजे काय, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून तर विचारतो. मुळशीच्या त्या पंगतीत देशोदेशीच्या पोरांशेजारी बौद्धवाड्यातली किती? मांगवाड्यातली किती? पारध्याच्या पालावरची किती? स्कॉलरशिप आहेत, हे मान्य. पण स्कॉलरशिपचा कागद वस्तीत पोचतो का? मराठी शाळेतली पोर त्या इंग्रजी मुलाखतीपर्यंत पोचते का? देशादेशातली भिंत पाडणाऱ्यांनी गावातल्या भिंतीचा हिशेब द्यायला नको का?

हा हिशेब कोल्हापूरनं शंभर वर्षांपूर्वी मांडलाय. शाहू महाराजांनी 1901 साली मराठा बोर्डिंग काढलं आणि 1908 साली अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ही बोर्डिंगं जातवार होती, हे लपवायचं कशाला? पण राजाला एक गोष्ट कळली होती. नुसती शाळा उघडून भागत नाही. पोराला शहरात पाठ टेकायला जागा लागते, दोन वेळचं जेवण लागतं.

बाबासाहेबांचंच बघा. 1913 साली ते कोलंबियाला गेले, हे आपण सगळे सांगतो. त्याआधीचं विसरतो. 1907 साली मॅट्रिक, मग इंटर, आणि पुढं पैसा संपला. तेव्हा सयाजीराव गायकवाडांचे महिना 25 रुपये मिळाले, म्हणून 1912 साली बी.ए. झालं. ते 25 रुपये नसते तर कोलंबिया कुठलं?

आज शाहू महाराजांच्या नावानं सरकार अनुसूचित जातीच्या पोरांना परदेशी पाठवतं. ती स्कॉलरशिप आपण लढून टिकवायचीच आहे. 2022 साली केंद्रानं आपल्या स्कॉलरशिपमधनं भारतीय समाज, इतिहास, संस्कृती हे विषय वगळले. म्हंजे 1916 साली कोलंबियात जातींवर निबंध वाचणारे बाबासाहेब या नियमात बसले नसते. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण पदवीनंतरची मदत पदवीपर्यंत पोचलेल्यांनाच. सोळाव्या वर्षी जो मुकादमापुढं उभा राहिला, त्याचं काय? आमची गळती तिथंच होते. आणि पैसेवाल्याचं पोर नेमकं त्याच दोन वर्षांत जग बघून येतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. परदेशी शिक्षणाची स्कॉलरशिप अकरावीपासून द्या. अशा कॉलेजांनी दर वर्षी आपल्या प्रवेशाचा जातवार हिशेब छापावा. आणि साथींनो, आपण नुसते मोर्चे काढून थांबायचं नाही. अर्जाचे कागद वस्तीवस्तीत न्या, मराठीत समजावून सांगा, रात्रीचे इंग्रजीचे वर्ग काढा. आपल्यात शिकलेली पोरं काय कमी आहेत?

भाचीनं फॉर्म भरलाय. तिची निवड होईल की नाही, मला माहीत नाही. नाही झाली तरी ती कोल्हापुरात अकरावीला बसेल. अक्काला मी सांगितलंय, खाणारी तोंडं किती आहेत हे या खेपेला मोजायचं नाही. जादा पाळ्या करीन.

पण एका मामाच्या पाळीवर किती भाच्या शिकणार?

जय भीम.