‘लग्न कधी?’ विचारणाऱ्या आपण

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘सबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथे पोहोचलेला हा पहिलाच मराठी सिनेमा. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला तो थिएटरात लागला आणि आम्ही चौघी बोईसरहून गाडी पकडून बघून आलो. परतताना एकीचा धोशा, ‘‘अगं, पण यात घडतं काय?’’

खरंय. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा जागचा हलत नाही. वडील गेले म्हणून मुंबईचा तिशीतला आनंद दहा दिवस गावी राहतो, सुतक पाळतो आणि नातेवाइकांचा एकच प्रश्न झेलतो : लग्न कधी? त्याचं मन पुरुषाकडे ओढ घेतं. हे आईला ठाऊक आहे, बाकीच्यांना नाही. गावचा मित्र बाळ्या, त्याच्याही मागे लग्नाचा ससेमिरा. कानवडे यांनी हे लिहिलं ते स्वतःच्या वडिलांच्या सुतकात काढलेल्या दिवसांवरून.

मला तो संथपणाच पटला. घरातलं गप्प पोर असंच तर असतं! तारापूर एमआयडीसीतून रात्रपाळी करून येतं, दोन घास खातं, भिंतीकडे तोंड करून पडतं. ‘दमलाय’ म्हणत आपण ताट उचलतो. मालिका असती तर ढँण ढँण वाजवून त्याचं दुःख तीनदा दाखवलं असतं. इथे दिग्दर्शक आपल्याला त्या गप्प चेहऱ्यासमोर बसवतो आणि उठूच देत नाही.

बोचलं ते वेगळंच. यात कुणी खलनायक नाही. विचारणाऱ्या सगळ्या तुमच्या-माझ्यासारख्या, मायेनंच विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हटलं, २०२३ मध्ये अशा लग्नांना मान्यता मात्र नाकारली. पण पालघरच्या एखाद्या चाळीतल्या मुलाला कोर्टाआधी आत्या-मावशीला तोंड द्यावं लागतं. आणि त्या आपणच की!

२०१० मध्ये आलेला उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’ आठवतो? तोही असाच संथ. लग्नासाठी जमलेल्या भरल्या घरात नचिकेतला नाती नकोशी होतात. घर लग्नाच्या गडबडीत, त्याचं बोलणं ऐकतो तो फक्त मावसभाऊ समीर, तोही लहानच. नचिकेत पुढे विहिरीत बुडून जातो. आनंदजवळ निदान त्याची आई आहे.