खाडाखोड : १ गुण वजा

'आधी विचार करावा, मग लिहावं' असं ज्यानं कुणी पहिल्यांदा म्हटलं, त्यानं वाणसामानाच्या यादीपलीकडे आयुष्यात काही लिहिलं नसावं, असा माझा जाहीर आरोप आहे. (यादीसुद्धा कसली! 'साखर २ किलो' असं लिहिल्यावरच माणसाला चहापूड आठवते.)

पण शाळेत हा नियम म्हणजे ब्रह्मवाक्य. आधी मुद्दे काढा, मग विस्तार करा आणि खाडाखोड करू नका! परवा आमच्या भाच्याच्या निबंधाच्या वहीत लाल शाईत शेरा आला : 'खाडाखोड. १ गुण वजा.' मी ती वही मुद्दाम उघडून पाहिली. 'माझी आजी' या विषयावर चिरंजीवांनी 'आजी प्रेमळ आहे' असं लिहून ते खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'आजी चिडली की मला जास्त वाढते.' आता सांगा, हे दुसरं वाक्य त्याच्या डोक्यात आधी कुठं होतं? पहिलं कागदावर उतरलं, ते त्याला बेचव लागलं, तेव्हा कुठं दुसरं सुचलं. अख्ख्या निबंधात पोरानं विचार केला तो तेवढ्या एका जागी, आणि गुण कापला तोही नेमका तिथंच!

बरं, हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. अमेरिकेत लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या दोघांनी माणसांना लिहायला बसवलं आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलत लिहा म्हणून सांगितलं. १९८१ साली त्यांनी मांडलं ते असं, की बेत आखणं, शब्दांत उतरवणं आणि तपासणं ही कामं मुळी रांगेत उभीच राहत नाहीत. कुणीही मध्येच घुसतं. लिहिता लिहिता मूळ बेतही बदलतो. पुढं १९८७ साली कॅनडातल्या बेरायटर आणि स्कार्डमालिया यांनी तर कमालच केली. ते म्हणाले, नवशिका भराभरा लिहितो, कारण ठाऊक आहे तेवढं त्याला ओतून मोकळं व्हायचं असतं. मुरलेला अडखळतो, कारण लिहिताना त्याला ठाऊक असलेलंच बदलू लागतं. म्हणजे पेन चावत बसलेला मुलगा 'ढ' असेलच असं नाही!

ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी हे ऐकवलं. ते म्हणाले, "अहो, पण थोर लेखक एकटाकी लिहितात!" घ्या! कोलरिजनं 'कुब्ला खान' आपल्याला झोपेत सुचली असं १८१६ साली छापून सांगितलं. तिचं हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि त्यात व छापील कवितेत फरक आहेत. झोपेतल्या कवितेवर जर जागेपणी हात फिरवावा लागतो, तर सातवीतल्या पोराची काय कथा?

"मग तपासणाऱ्यानं वाचायचं तरी काय?" मुख्याध्यापक चिडले.

खोडलेलं वाचा ना, सर! भाच्याला मी बजावलंय, खोडताना एकच रेघ मार, गिरगटू नकोस. खालचं दिसू दे. त्यापायी कुणाला नवा चष्मा लागलाच, तर तो शाळेनं करून द्यावा.