जमीन राजाची की कसणाऱ्याची?

मोगलाईत सुरतेहून आग्र्यास निघालेला परदेशी पाहुणा बहुधा बऱ्हाणपुरास मुक्काम करी. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ साली येथे येऊन शहाजादा परवीझ यास भेटला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने येथील तलम कापडाची वाखाणणी केली. अशा प्रवाशांच्या हकिकतींवरूनच युरोपातील विचारवंतांनी आपल्या मनात एक हिंदुस्थान उभा केला. दिल्ली दरबारी राहिलेल्या बर्निये या वैद्याने लिहिले की, येथील सर्व जमीन बादशहाची, रयतेचे स्वतःचे असे काहीच नाही. माँटेस्क्यूने १७४८ साली राज्यपद्धतींवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात पूर्वेकडील राज्य म्हणजे एकाच्या लहरीचे राज्य, असा सिद्धांतच मांडला. गृहस्थाने हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नव्हते!

त्याचे खंडन करणारा आंकेतिल-दुपेराँ मात्र १७५५ ते १७६१ या काळात येथे हिंडला होता. तरुणपणी ईशज्ञानाचा अभ्यास केलेला हा फ्रेंच मनुष्य मराठी मुलखातूनही गेला. पूर्वेकडेही लेखी कायदे आहेत, खाजगी मालमत्ता आहे, हे त्याने १७७८ च्या आपल्या ग्रंथात दाखविले. शिवाय एक मर्म त्याने ओळखले. सर्व जमीन राजाची, असे एकदा ठरले की उद्या राजा होऊन बसणारा परका सारी जमीन आपलीच म्हणू शकतो.

आपल्या वाडवडिलांना हे सांगावे लागले नसते. दख्खनच्या गावांतील मिरासदार आपली जमीन विकू शके, गहाण ठेवू शके. खरेदीखतावर गावची साक्ष पडे. उपऱ्या कुळाला मात्र ते भाग्य नव्हते, हेही खरे.

मनुष्य जमिनीत श्रम घालतो म्हणून ती त्याची होते, असे इंग्रज तत्त्ववेत्ता लॉक सांगे. (त्याच युक्तिवादाने अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावल्या गेल्या, हे विसरू नये.) पोप तेरावे लिओ यांनीही १८९१ च्या परिपत्रकात सांगितले की, कसणाऱ्याच्या श्रमाचा ठसा जमिनीवर उमटतो, आणि मनुष्य राज्यसंस्थेच्या आधीचा आहे.

आंकेतिलची भीती आपल्या रानांत खरी ठरली. १८७८ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अफाट रान आपले केले, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे कसणारा आदिवासी अतिक्रमण करणारा ठरला. नेपानगरच्या बाजूस हा तंटा अजून मिटलेला नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्याने तो अन्याय झाल्याचे मान्य केले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या आदिवासी कुटुंबास चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. इतरांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास दाखवावा लागतो.

दावा प्रथम ग्रामसभेपुढे जातो. कागद नसेल तर गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरतात. म्हणून ज्या म्हाताऱ्यांना जुनी वहिवाट आठवते, त्यांचे म्हणणे आजच लिहून घ्यावे. उपविभागीय समितीचा निर्णय विरुद्ध गेला तर साठ दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे दाद मागावी. बरेच जण येथेच थकून गप्प बसतात. पट्ट्यावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लागते. अर्ज भरताना ते गाळू देऊ नये.