एका रकान्यापुरता पणजोबा

बीड जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत इतकी वर्दळ पूर्वी क्वचितच झाली असेल. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासन निर्णय निघाला. वर्षानुवर्षं फडक्यात बांधून ठेवलेली दप्तरं सुटली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी आली, उर्दू जाणणाऱ्यांचा भाव वधारला. गेवराईपासून आष्टीपर्यंत घराघरांत आजा-पणजाची नावं नव्याने जुळवली जाऊ लागली.

आणि नोंद सापडली की दप्तर पुन्हा बांधलं जातं.

इथेच खरं नुकसान होतं. १९५४ च्या सुमाराचं एखादं खासरा पत्रक घ्या. सर्व्हे नंबर, एकर-गुंठ्यांतलं क्षेत्र, रुपये-आण्यांतला आकार, कब्जेदार कोण, कूळ कोण, रानात पीक कोणतं, विहीर आहे की नाही, एवढं सगळं एका आडव्या ओळीत असतं. त्याच्या जोडीला पहाणी पत्रकं आणि सेतवार लावली, तर एका शेतकऱ्याच्या उभ्या आयुष्याचा सांगाडा हाती येतो. जमीन कधी वाढली, कधी सावकाराकडे गेली, ज्वारीच्या रानात कापूस कधी शिरला, सगळं त्यात असतं. आपण मात्र पणजोबाला फक्त त्याची जात विचारतो.

तो होता तरी कोण? पुण्या-नगरच्या शेतकऱ्यासारखा तो थेट इंग्रजांची रयत नव्हता. राज्य निजामाचं होतं आणि त्याच्यावर इंग्रज रेसिडेंटची नजर होती. अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद, आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली तोवर साऱ्याची वसुली बव्हंशी मक्त्याने दिलेली असे, म्हणजे ज्याने बोली लावली त्याने गाव पिळायचं. त्यानंतर मोजणी आली, रोख सारा आला, पगारी तालुकदार आले. व्यवहार हाली सिक्क्यात चालत आणि साल मोजलं जाई फसलीचं. १८८० च्या दशकात दरबारी फारसी जाऊन उर्दू आली. शेतकऱ्याला दोन्ही परक्याच, त्यामुळे कागदावर काय लिहिलंय हे तो पटवाऱ्याच्या तोंडूनच ऐकणार. पाटील-पटवाऱ्यांची त्या काळातली ताकद समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी लागते. शिवाय जहागिरीच्या गावातल्या रयतेची कहाणी वेगळी आणि दिवाणी, म्हणजे थेट निजाम सरकारच्या, गावातल्या रयतेची वेगळी. ती १५ ऑगस्ट १९४९ च्या जहागीर निर्मूलनापर्यंत वेगळीच राहिली.

आष्टीचा शेतकरी तर सरहद्दीवरच नांगर धरत होता. पलीकडे इंग्रजी अमलातला नगर जिल्हा. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला तो त्याच पलीकडच्या शेतकऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून. अलीकडच्या शेतकऱ्याला मात्र ना तो कायदा लागू होता, ना त्याच्या हालांची तशी चौकशी झाली. पलीकडच्यावर ग्रंथ लिहिले गेले. अलीकडचा दप्तरात राहिला, म्हणून त्या दप्तराची किंमत इतकी मोठी.

१८९९-१९०० च्या दुष्काळाचं घ्या. १८९१ च्या शिरगणतीत बीड जिल्ह्याची लोकसंख्या ६,४२,७२२ होती. १९०१ मध्ये ती ४,९२,२५८ भरली. दीड लाख माणसं कमी, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. काही मेली, काही परागंदा झाली आणि सगळीच काही परतली नाहीत. गुरं मेली तेव्हा मागे राहिलेल्यांनी औत कशाने हाकलं असेल? त्याच सुमाराला मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू झाली. औरंगाबाद, जालना, परभणी तिच्या वाटेवर आली, बीड शहर बाजूला राहिलं. बीडच्या स्थानकातून पहिली प्रवासी गाडी नगरकडे निघायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन साखरपट्ट्यात जाणाऱ्या आजच्या कुटुंबांची वाट किती जुनी आहे, हे तपासायचं तर १८९१ ते १९०१ मधलं ते दहा वर्षांचं अंतर गाववार भरून काढायला हवं. कोणत्या गावची किती रानं पडीक पडली, कोणाच्या नावावर चढली, कोणता सारा माफ झाला, हे कागद शिल्लक असतील तिथे कळू शकतं.

पाण्याचंही तसंच. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने बांधवली. तिचं पाणी जमिनीखालच्या नळांतून बलगुजारच्या रानात जातं, कसला उपसा नाही की मोट नाही. एवढं ज्ञान ज्या मातीत होतं, त्या मातीत पुढची तीन-साडेतीनशे वर्षं बाकीच्या गावांचं पाणी कोण राखत होतं आणि ते कधी मोडलं? बालाघाटावरच्या पाटोदा-केजच्या शेतकऱ्याला गंगथडीच्या माजलगावकरापेक्षा हा प्रश्न जास्त जाचला असणार.

या कागदांत नसलेली माणसंही लक्षात ठेवली पाहिजेत. खुरपणी, काढणी, मळणी आणि जात्यावरचं दळण करणाऱ्या पणजीचं नाव कब्जेदाराच्या रकान्यात बहुधा नवरा गेल्यावरच येतं. सालगड्याचं तेवढंही नाही. महार वतनदार, बलुतेदार, वेठीला धरलेले लोक भेटतात ते वेगळ्या यादीत, तुटक. जिल्ह्याचा शेतकरी पूर्वज म्हणताना एकाच समाजाचं चित्र डोळ्यांपुढे आणणं म्हणूनच चूक आहे. वंजारी, धनगर, मराठा, माळी, मुसलमान, दलित, सगळ्यांचे पणजोबा त्याच दप्तरात दाटीवाटीने बसले आहेत.

आरक्षणाचा निकाल विधिमंडळात आणि न्यायालयात लागायचा तो लागेल. दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या बापाची गरज खरी आहे, मुलाच्या फीचा आणि नोकरीचा प्रश्न त्याला रोज टोचतो. पण यानिमित्ताने दप्तर उघडलंच आहे, तर सरकारने केवळ हव्या त्या पानाची छायाप्रत काढून थांबू नये. प्रत्येक गावचं पूर्ण दप्तर, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, स्कॅन होऊन सर्वांना पाहता आलं पाहिजे. इनामी जमिनींचे तंटे आजही निजामकाळातल्या मुंतखबापर्यंत, म्हणजे इनामाच्या सनदेपर्यंत, जातात आणि मूळ कागद कोणाच्या तरी कपाटात असतो. उघड्यावर आलेला कागद फाडणं, बदलणं अवघड जाईल.

मोडी आणि उर्दू वाचणारे तरुण या धावपळीत थोडेफार तयार झाले आहेत. त्यांना नोंदीमागे पैसे देऊन घरी पाठवण्याऐवजी जिल्हा अभिलेखागारात कायमच्या जागा द्याव्यात. बीड-अंबाजोगाईच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एकेक गाव वाटून घ्यावं आणि १८९१ ते १९०१ या दशकापासून कामाला लागावं.