पहिली बंदूक कोणाची?

अथेन्स येथे २००४ साली राज्यवर्धनसिंह राठोड यांनी ‘डबल ट्रॅप’मध्ये रौप्यपदक पटकाविले आणि शॉटगनच्या नेमबाजीकडे सामान्य घरांचेही लक्ष वेधले गेले. मुलाने हट्ट धरला की पालक प्रथम स्वस्त बंदुकीची चौकशी करतात. परंतु बंदूक एकदाच घ्यावी लागते, काडतुसे रोज! २५ चकत्यांची एक फेरी म्हणजे किमान २५ बार, आणि एका फेरीने हात बसत नाही. हलकी बंदूक मुलास सोयीची, हाही भ्रमच; तिचा धक्का खांद्याला अधिक बसतो. दस्ता मापाचा नसेल तर नेम साधत नाही, आणि वाढत्या वयात माप टिकत नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याने २१ वर्षांखालील व्यक्तीने शस्त्र बाळगण्यावर निर्बंध घातले आहेत. प्रशिक्षणापुरती मुभा आहे, तीही अटींवर. तेव्हा पहिली बंदूक मुलाची नव्हे, संस्थेची असावी. प्रशिक्षकाच्या नजरेखाली ती अनेकांनी वापरावी. पालकांनी शिलकीतला पैसा काडतुसांसाठी राखावा. पदकविजेत्यांवर बक्षिसांची खैरात करणाऱ्या शासनाने नवोदितांच्या काडतुसांचा थोडा भार उचलला, तर ते अधिक शहाणपणाचे ठरणार नाही काय?