संगणकाची तबकडी रुसली तर?

भद्रावतीच्या विजासन टेकडीत कोरलेली लेणी शतकानुशतके टिकून आहेत. पण घरच्या संगणकात जपलेले बाळाच्या बारशाचे फोटो एका रात्रीत दिसेनासे होतात! अशा वेळी घाई नको. हार्ड डिस्क टक्‌टक् वाजत असेल, तर संगणक ताबडतोब बंद करून ती जाणकाराकडे द्यावी. आवाज नसेल, तर वीज तोडून तिची वायर नीट बसवून पाहावी. 'फॉरमॅट करू का?' असे यंत्राने विचारल्यास ठाम नकार द्यावा. चुकून पुसलेली फाइल, तिच्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत, बहुधा तबकडीवरच असते. म्हणून तिथे काही साठवू नये, सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवावे. खरा उपाय मात्र आधीचाच: तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक माहेरी!