रेषा आखलीत, आता वचन पाळा!

मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी माणसे कापली. सप्टेंबरात भारतीय फौजा आल्या, निजामाची राजवट कोसळली आणि त्यानंतर याच मुलुखात निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. सर्वाधिक होरपळलेले जिल्हे म्हणून या कत्तलींची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही चार नावे नोंदवली. सरकारने तो अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला. इथल्या राष्ट्राचा जन्म असा दुहेरी रक्तात झाला. यातले एकच रक्त आठवायचे आणि दुसरे पुसायचे, याला आम्ही राष्ट्रभक्ती म्हणणार नाही!

पण त्याच जन्माची दुसरी, उजळ बाजूही आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९५२ साली गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले आणि १९५७ साली औरंगाबादेतून. कानडी मतदार आणि मराठी मतदार, दोघांनीही त्यांना आपले मानले. हुमनाबादच्या संत माणिकप्रभूंनी त्याच्याही शतकभर आधी मराठीत, कानडीत, उर्दूत पदे रचली. तिथल्या गादीसमोर कोणी कोणाला मातृभाषा विचारली नाही. राष्ट्र म्हणजे एकत्र नांदण्याचा निर्धार, हे या मातीला कळले होते. राज्यकर्त्यांना कधी कळणार?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचनेत बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसुरात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. एक राज्य, एक भाषा हा हट्ट युरोपातला. १७९४ साली ग्रेग्वार या क्रांतिकारक धर्मगुरूने फ्रान्सच्या प्रतिनिधिसभेत प्रांतोप्रांतीच्या बोली नष्ट करण्याची मागणी केली आणि पुढे तिथल्या शाळांनी ते काम निर्दयपणे केले. भारताने तो मार्ग नाकारला. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने ही राज्ये घडवली, तिनेच कलम ३५०-अ घटनेत घातले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून प्रत्येक राज्याने पुरेशी सोय करावी.

रेषा लष्करी शिस्तीने सांभाळली जाते. या कलमाचे वचन मात्र धूळ खात पडले आहे! महाराष्ट्राचा कर्नाटकाविरुद्धचा सीमादावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लढवावा, जरूर लढवावा. पण निकाल लागेपर्यंत भालकी, औराद, आळंदच्या मराठी मुलाने अक्षर कोणत्या भाषेत गिरवायचे? भालकीच्या मराठीसाठी मुंबईत मुठी आवळणाऱ्या पुढाऱ्यांनो, अक्कलकोट आणि जतच्या कानडी शाळांत तुम्ही शेवटचे कधी डोकावलात? बेंगळुरूत कानडीचा कैवार घेणाऱ्यांनो, औरादच्या मराठी पालकाचे ऐकून घ्यायला तुमच्यातला कोण आला?

महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही सरकारांनी येत्या १ नोव्हेंबरपूर्वी सीमाभागातल्या अल्पसंख्याक भाषांच्या प्रत्येक शाळेतील शिक्षकांची रिक्त पदे जाहीर करावीत आणि ती भरावीत. आणि मतदारांनो, दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून आधी याचे उत्तर घ्या, मगच त्याचा झेंडा पाहा.